मातीला न लागलेलं बी

लसणाचा गड्डा हातात आला की मिस्त्री आधी तो उलटा करायचे. मंडईत, किराणा दुकानात, लग्नघरी आचाऱ्याच्या टोपलीपाशी, कुठेही. पांढरी साल, पाकळ्यांचा फुगीरपणा याकडे त्यांचं लक्ष नसे. मुळांच्या चकतीवर ते अंगठ्याचं नख फिरवायचे, दाबून बघायचे आणि दहातले नऊ गड्डे परत टोपलीत टाकायचे. भाजीवाली चिडायची. "घ्यायचा न्हाय तर चिवडतासा कशाला, मिस्त्री?" मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "तोंड काय बघायचंय? बूड बघावं."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबरोबर बाजारात जायला घरचे नकार देतात. आमच्या गल्लीत ते होते.

उद्यमनगरातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना करणारा हा माणूस. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. या वाढीव मापाला कारखान्यात श्रिंकेज म्हणतात. मिस्त्रींनी एकेचाळीस वर्षं हे काम केलं आणि निवृत्त होताना तो शब्द घरी घेऊन आले. लग्नाला दोनशे माणसं येणार असं कोणी म्हणालं, की ते अडीचशेचा स्वयंपाक सांगायचे. दहाच्या एसटीसाठी साडेआठला स्टँडवर हजर. कारण विचारलं तर एकच उत्तर, "श्रिंकेज धरलंय."

घर लहान. दोन खोल्या, वर गच्ची, मागे दहा बाय बाराचं परडं. घरात ते आणि त्यांची बायको, गल्लीच्या चाची. मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला. नवराबायको एकमेकांशी दखनी उर्दूत बोलत. भांडण सुरू झालं की मात्र दोघंही मराठीत येत. शेजाऱ्यांना साक्षीदार करून घेतल्याशिवाय भांडणाला पूर्णता येत नाही, असं बहुधा दोघांचंही मत असावं. कोल्हापुरातल्या अनेक बायकांप्रमाणे चाचीही "मी जातो, मी करतो" असंच बोलत. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

परड्यात फक्त लसूण. मिस्त्रींची आई मुरगूडहून कोल्हापुरात आली तेव्हा बरोबर तिच्या माहेरचा लसूण घेऊन आली होती. बारीक पाकळ्या, जांभळट साल, सोलताना नखं दुखतील इतकी घट्ट. चव मात्र अशी की एका पाकळीत वाटीभर चटणी होई. बाजारात हा वाण मिळत नाही. मुरगुडातही आता कोणाकडे राहिलेला नाही. मिस्त्री स्वतः दोनदा जाऊन घरोघर विचारून आले होते. ऑक्टोबरात लावायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा, खायला ठेवायचा त्यापेक्षा जास्त बियाण्याला ठेवायचा. असा हा वाण दोन पिढ्या त्या परड्यात टिकला.

मग एका वर्षी तो कुजला.

आधी पानं पिवळी पडली. मिस्त्रींनी एक रोप उपटून उलटं केलं. बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी होती. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. दुपारपर्यंत सगळं परडं मोकळं झालं होतं. मी भिंतीपलीकडून बघत होतो. ते ओरडले नाहीत, कपाळाला हात लावला नाही. रोपांचा ढीग केला, वर रॉकेल ओतलं आणि पेटवून दिला. त्याआधी त्यातली सात रोपं त्यांनी बाजूला काढून ठेवली होती.

या वाणाच्या वीस-पंचवीस रोपांत एखाद्याचं खोड मधेच फुगतं. ती गाठ सोलली तर आत गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, जांभळे मणी निघतात. रोपाचा जोर त्या गाठीत जातो आणि खालचा गड्डा लहान राहतो. म्हणून शेतकरी असं रोप दिसलं की मोडून भाजीत टाकतात. मिस्त्रींची आई मात्र ते मणी तंबाखूच्या डबीत जपून ठेवायची. ती त्याला मातीला न लागलेलं बी म्हणायची. जमिनीतला रोग पाकळीबरोबर पुढच्या वर्षात जातो. जमिनीपासून वीतभर वर धरलेल्या मण्यात तो सहसा जात नाही. तिला बुरशीचं नाव माहीत नव्हतं, पण हिशेब बरोबर होता.

सात रोपांतून एकशे बारा मणी निघाले. ते हातरुमालात बांधून मिस्त्री कृषी केंद्रात सल्ला विचारायला गेले. मी औषध आणायला म्हणून तिथेच होतो. दुकानदारानं रुमालात डोकावून पाहिलं.

"मिस्त्री, हे लावून काय हुतंय? पयल्या वर्षी नुसती एक पाकळी येणार, गोटीएवढी. ती परत लावायची. दुसऱ्या वर्षी बारका गड्डा. नीट खायासारखा लसूण यायला तीन वर्षं जात्यात. त्यापरास नवीन बियाणं न्या की."

"नवीन बियाणं माझ्या आईचं हाय व्हय?"

"तसं न्हवं. पण तीन वर्षं म्हणजे..." दुकानदार थांबला. समोरचा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या हृदयात दोन स्टेंट होते. मिस्त्री त्यांना स्प्रिंगा म्हणत, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मिस्त्रींनी रुमालाची गाठ मारली. "जाऊदेत की तीन वर्षं. मी कुठं निघालोय?"

लावणीला अजून सात महिने होते आणि मधे कोल्हापूरचा पावसाळा. आपल्याकडे जुलैत चपलेलाही बुरशी येते. मिस्त्रींनी मण्यांची पुरचुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आणि तिच्यासमोर टेबल फॅन लावला. तो दिवसभर फिरायचा. आठवड्याभरात भांडण मराठीत आलं.

"लसणाला फॅन! आन् मी चपात्या लाटतो ती काय बर्फावर?"

"तुला बुरशी यायची न्हाय."

"बोला, बोला. शेजारी ऐकालेत."

"ऐकू देत. त्यास्नी तरी कळंल लसूण कसा ठेवायचा."

परड्यातल्या मातीवर मिस्त्रींचा विश्वास उरला नव्हता. राधानगरीच्या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतातून त्यांनी नवी माती आणली आणि टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून गच्चीवर ठेवली. ऑक्टोबरात मणी लावले. दर दोन मण्यांमध्ये दोन इंच अंतर, त्यासाठी भोकं पाडलेली सागवानी पट्टी, आणि पट्टीला पॉलिश. वर आलेली रोपं गवतासारखी बारीक होती. पाहायला आलेले लोक सभ्यपणे "छान" म्हणत आणि खाली उतरल्यावर हसत. मिस्त्रींना ते हसणं ऐकू जाई. ते वरून वाकून म्हणत, "हसा हसा. भाकरीबरोबर चटणी मागायला याल तवा मी हसतो."

मार्चमध्ये एकशे बारा मण्यांतून अडुसष्ट गोट्या निघाल्या. करवंदाएवढ्या, गोल, आत पाकळ्या नाहीत; सगळी मिळून एकच पाकळी. आणि इथे मिस्त्रींच्या हिशेबात न धरलेली अडचण उभी राहिली. अशा गोटीला आपण एकपाकळी लसूण म्हणतो. सकाळी अनशापोटी एक खाल्ली की हृदय साफ होतं, रक्तदाब उतरतो, गुडघे मोकळे होतात, अशी आपली समजूत आहे. ज्या गवताला लोक हसले होते, त्याच्या मुळाशी औषध निघालं ही बातमी दोन दिवसांत गल्लीभर झाली.

लोक वाटी घेऊन येऊ लागले. मिस्त्री एकेकाला दारातून परत पाठवत होते. गल्लीतले माजी नगरसेवक आले, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. तो संवाद मी कट्ट्यावर बसून ऐकला, तसाच देतो.

"मिस्त्री, एक मूठभर द्या की. बीपी लई वाढलंय."

"मग दवाखान्यात जावा. हितं बियाणं हाय."

"ह्या गल्लीत पाण्याची लाईन कुणी आणली?"

"तुम्हीच. म्हणून मत दिलं. लाईनीचं मत लाईनीला, लसणाचा त्यात काय संबंध?"

"एवढा ताठा बरा न्हवं."

"ताठा न्हाय भाऊ. हे खाल्लं की सपलं. लावलं तर ऱ्हातंय."

भाऊ गेले. त्यानंतर बरेच दिवस मिस्त्रींच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद होता. त्याचा लसणाशी संबंध होता असा पुरावा माझ्याकडे नाही. मिस्त्रींनी एक शिडी मागून आणली आणि दिव्यातली सैल वायर स्वतः जोडली. चाची खालून ओरडत होत्या, तेही मराठीत.

पण खरा धोका वाटीवाल्यांकडून नव्हता. चाचींचाही एकपाकळीवर विश्वास होता, आणि त्यांच्या घरात दोन स्प्रिंगावाला माणूस होता. त्या रोज सकाळी विषय काढत. रोज एक खावा, चाळीस दिवस. जगभर लोक दुकानातनं विकत आणून खात्यात, आणि ज्याच्या घरात पिकलाय तो त्याला हात लावू देत न्हाय, हे काय शहाणपण? मिस्त्रींचं उत्तर बदलत नसे. "बी खाऊन कोण जगलंय?"

सप्टेंबरमध्ये त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पाच दिवस दवाखान्यात होते. घरी त्यांना माझ्या गाडीतून आणलं, म्हणून पुढचं सगळं पाहिलेलं आहे.

चाचींनी त्यांना पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली आणि फडताळातून काचेची बरणी काढली. चमचा भरून पुढे केला. चमच्यात मध होता आणि मधात सोललेली पांढरी गोटी.

मिस्त्रींनी चमच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. तिथे टांगलेली गोट्यांची पुरचुंडी नव्हती, फॅन बंद होता.

"किती सोलल्यास?"

"सगळ्या." चाचींचा आवाज पहिल्यांदाच गल्लीत गेला नाही. "काल संध्याकाळी. डाक्टर म्हणाला उद्या सोडतो, म्हणून रातभर मुरू दे म्हटलं."

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण दार त्यांच्या पलंगापलीकडे होतं. मग चाचीच बोलल्या.

"बी परत कुठंबी मिळंल. तुम्ही मिळणार हाय व्हय मला?"

पत्रकार म्हणून मी बरीच भाषणं ऐकली आहेत. इतका बिनतोड युक्तिवाद फार कमी ऐकला. मिस्त्रींनी चाचींच्या हातातला चमचा घेऊन गोटी परत बरणीत सोडली. ते म्हणाले, "चाळण आण. आन् कोमट पाणी."

"काय करतासा?"

"एकाच रातीचा मध हाय. धुऊन बघू."

"सोललेलं, मधात घातलेलं कुठं उगवतंय व्हय?"

"न्हाय उगवलं तर खातो. तुझ्या हातनं खातो, चाळीस दिवस. मग तर झालं?"

पलंगावर बसूनच त्यांनी अडुसष्ट गोट्या तीन पाण्यांतून धुतल्या, जुन्या धोतरावर टिपल्या आणि राखेत घोळल्या. लावणीला अजून महिना अवकाश होता, पाऊस गेलेला नव्हता. पण सोललेली गोटी महिनाभर थांबणार नव्हती. दुसऱ्या दिवशीच लावायची असं ठरलं. आता अडचण वेगळी होती. डॉक्टरांनी जिना चढायला सक्त मनाई केली होती.

त्या दिवशी सकाळी गल्लीनं जे पाहिलं ते असं. जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मिस्त्री बसलेले. वर गच्चीत क्रेटपाशी फतकल मारून चाची. जन्मात त्यांनी झाड लावलेलं नव्हतं.

"बूड खाली, टोक वर!"

"कळतंय मला!"

"पट्टी लावलीस?"

"लावली."

"कुठल्या बाजूनं?"

"तुमच्या बाजूनं! गप बसा, छातीत दुखंल!"

"हळू दाब. चपाती न्हवं ती."

समोरच्या घरातल्या बायका कठड्याशी येऊन हसत होत्या. अडुसष्टावी गोटी लावून झाल्यावर चाची खाली आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत मातीचे होते आणि डोळे लाल झालेले होते. मिस्त्रींनी त्यांना खुर्चीत बसायला जागा दिली आणि स्वतः पायरीवर बसले. बराच वेळ दोघं दखनीत काहीतरी बोलत होते. हळू आवाजात. ते काय बोलले हे गल्लीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. धुतलं तरी मधाचा वास राहिला होता. चाचींनी क्रेटभोवती हळद टाकली, मग खडू ओढला, मग एकेक क्रेट पाण्याच्या परातीत उभा केला. पावसानं काही गोट्या सडल्या. काही मुंग्यांनी पोखरल्या. काही नुसत्याच बसून राहिल्या. मिस्त्री खालून रोज विचारत, "आज किती?" चाची वरून आकडा सांगत. पंधरा दिवस तो आकडा शून्य होता. सोळाव्या दिवशी त्या दोन म्हणाल्या आणि गल्लीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटी तो नऊवर थांबला.

"अडुसष्टातलं नऊ," मिस्त्री मला म्हणाले. "एवढं श्रिंकेज मी उभ्या जन्मात धरलं न्हवतं." वाक्य तक्रारीचं होतं, पण चेहरा तसा नव्हता. मी विचारलं, यावर पेपरात लिहू का? त्यांनी हात जोडले. "छापू नगासा. मागायला येत्यात."

फेब्रुवारीत नऊ गड्डे निघाले. लहान, बोराएवढे, पण गड्डेच. आत पाकळ्या होत्या. मिस्त्रींनी नऊही उलटे करून बुडं पाहिली. सगळी स्वच्छ, टणक. त्यातला एकच गड्डा त्यांनी फोडू दिला. चाचींनी खलबत्त्यात चटणी कुटली. मीठ डॉक्टरांच्या मापानं घालू लागल्या तर मिस्त्री म्हणाले, "आज डाक्टरला बाहेर बसव." मला चतकोर भाकरीवर नखभर चटणी मिळाली. नाकातून पाणी आलं. चाचींनी घास तोंडात घेतला आणि चावायच्या थांबल्या.

"सासूबाई," एवढंच म्हणाल्या.

मिस्त्री भाकरी मोडत होते. "व्हय," म्हणाले. "तीच."

उरलेल्या आठ गड्ड्यांची जुडी खिडकीत गेली आणि फॅन पुन्हा सुरू झाला.

मेमध्ये मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठले नाहीत. दुकानदारानं सांगितलेली तीन वर्षं अजून पुरी व्हायची होती.

चाळिसाव्याचं जेवण जूनअखेरीस होतं. गल्लीत ताडपत्री बांधली होती, वर पाऊस वाजत होता. मुरगुडाहून नातेवाईक आले होते. दोन मोठी पातेली चुलीवर चढली आणि वाटणाला लसूण कमी पडला. आचाऱ्यानं आवाज दिला. मुरगूडचे एक वयस्कर पाहुणे, मिस्त्रींचे चुलतभाऊ, स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतली जुडी सोडून घेऊन बाहेर आले. दाराशी चाचींनी त्यांचा हात धरला.

"खाली ठेवा."

"अवो भाभी, त्याचाच लसूण, त्याच्याच नावाचं जेवान. त्याला पोचतंय की."

त्या वेळी ताडपत्रीखाली तीस-चाळीस माणसं होती. पाहुण्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं कोणाला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. चाचींनी जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांचा आवाज परत गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"त्यास्नी पोचायचं हुतं ते पोचलं. हे फुडं जायाचं हाय."

पाहुणे नाराज झाले. दुकानातून लसूण येईपर्यंत जेवण अर्धा तास थांबलं. चाची तेवढा वेळ जुडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि कोणी जवळ गेलं नाही.

ऑक्टोबरात मुलगी त्यांना न्यायला आली. इचलकरंजीत तिचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरीत ऊन येत नाही. बॅग भरून तयार होती, रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. चाची गच्चीवर होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना बसून चढतात, एकेक पायरी मागे सरकत, पाकळ्यांचं ताट मांडीवर धरून. आठ गड्ड्यांच्या त्रेचाळीस पाकळ्या झाल्या होत्या. सागवानी पट्टी मातीवर टेकवून त्या एकेक लावत होत्या.

"अम्मी, रिक्षा थांबलीय," मुलगी म्हणाली.

"जाऊ दे तिला. मी मार्चपतोर येत न्हाय."

मुलगी कठड्याला टेकली. तिला बहुधा हे अपेक्षित होतं. "बरं. आणि मार्चनंतर?"

चाचींनी ताटातली पुढची पाकळी उचलली.

"मार्चनंतर ऑक्टोबर येतोय की."